रिकामी खाच

१

जीवन वरठा गुरुजी गेले आणि आठवड्याने त्यांच्या मुलीच्या लक्षात आलं, की त्यांचा आवाजही घरातून गेला आहे.

तलासरीच्या पुढे, उधव्याच्या वाटेवरच्या पाड्यात त्यांचं घर. आतल्या खोलीत गुरुजींचा संगणक होता. आश्रमशाळेने मोडीत काढलेला, पत्र्याचा जड उभा डबा. त्याच्या डाव्या पत्र्यावर तांदळाच्या पिठाने इवलासा चौक काढलेला होता, लग्नात भिंतीवर काढतात तसा. नवा माणूस तो पाहून हसायचा. घरच्यांना मात्र त्यामागची गोष्ट माहीत होती.

गुरुजींची बायको बायजी धवलेरी होती. धवलेरीने गाणी म्हटल्याशिवाय वारली समाजात लग्न लागत नाही. आणि ज्या बाईचा नवरा जिवंत आहे तिनेच धवलेरी व्हायचं. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी ती गाणी संगणकात साठवायला घेतली. बायजी अडून बसली. "मांडव नाय, चौक नाय, गाणं कसं म्हणू? लग्नाबाहेर तोंडातून काढायचं नाय ते." तेव्हा गुरुजींनी पीठ कालवलं आणि डब्यावरच चौक काढला. "घे. झालं लग्नघर." ती हसली, आणि गायला बसली.

ही गाणी निलमने लहानपणापासून ऐकली होती. तिला आता हवा होता तो गाण्याच्या आधीचा तुकडा. प्रत्येक वेळी गुरुजी खाकरायचे, दोन शब्द बोलायचे, मग गाणं सुरू व्हायचं. व्हिडिओ त्यांना आवडत नसे, फोन साधा बटणांचा. त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

मोठा भाऊ रविंद्र माउस धरून बसला, निलम त्याच्या मागे उभी राहिली. स्पीकरची वायर सुटून खाली लोंबत होती. ती रविंद्रने मागच्या हिरव्या भोकात खोचली. पडद्यावर गाण्यांची रांग आली. त्याने पहिलं लावलं. रेघ पुढे सरकू लागली.

आवाज आला नाही.

दुसरं लावलं, तिसरं लावलं, अगदी शेवटचंही लावलं. रेघ सरकत राहायची आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर. पडद्याच्या कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रावर लाल फुली होती.

"पुसलं," रविंद्र म्हणाला. "कोणीतरी सगळं पुसलं, निले. आणि कोणी ते मला माहीत हाय."

निलम खाली बसून डब्याची मागची बाजू पाहू लागली. पत्र्यातल्या एका अरुंद फटीत कापडाचा बोळा होता. पाली, मुंग्या आत जाऊ नयेत म्हणून खोचतात तसा. कापड पांढरं होतं, अगदी कोरं. तिला वाटलं बाबांनीच खोचलं असेल. पण शेल्फवरचा टेस्टर घेऊन तिने पत्रा सरकवला तेव्हा तिचा हात थांबला.

आत सगळीकडे धुळीचा जाड थर होता. फक्त एका छोट्या खाचेभोवती, हातभर नव्हे, बोटभर जागा लख्ख स्वच्छ होती. तिथे काहीतरी बसवलेलं होतं. ते आता तिथे नव्हतं.

२

"लडक्या," रविंद्र म्हणाला. "दुसरा कोण?"

लडक्या म्हणजे त्यांच्या धाकट्या काकाचा मुलगा. टेम्पोवर डीजे लावून सेलवासपासून डहाणूपर्यंत लग्नं वाजवायचा. धवलेरीच्या गाण्यांखाली ठेका टाकायचा म्हणून गुरुजींकडे त्याने गाणी मागितली होती. गुरुजींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. आणि सांत्वनाला लोक येत होते तेव्हा तो आतल्या खोलीत एकटाच बसलेला रूपीने, शेजारणीने, पाहिला होता.

"बाबांच्या दिवसाला त्याला दारात उभा करणार नाय मी," रविंद्र म्हणाला. "सगळ्या पाड्यासमोर सांगेन."

"आधी मी विचारते त्याला."

"तू पुस्तकातल्या पोलिसासारखी विचारत बस."

निलम कोसबाडच्या एका ग्रंथालयात काम करायची. पुस्तकातल्या पोलिसांशी तिची ओळख रविंद्रला वाटे त्याहून जुनी होती.

लडक्या वडाखाली टेम्पो धूत होता. तिला पाहताच त्याने पाइप बंद केला.

"आली सीआयडी," तो म्हणाला. "दादानं पाठवली?"

"मीच आले. तू आत काय करत होतास?"

"बसलो होतो."

"लडक्या."

तो फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "गाणी घ्यायला गेलो होतो. पेनड्राइव्ह पण नेला होता. खोटं नाय सांगत. काका असताना हिंमत नाय झाली, मेल्यावर झाली, असला मी. एक लावून बघितलं. आवाजच नाय. वाटलं काकानं जाताना कुलूप घातलं. मना लाज वाटली. तसाच आलो, काय घेतलं नाय."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाला? दादाला? तो मना आधीच बँडवाला म्हणतो. बँडवाला म्हण, पण चोर नको म्हणू." त्याने डोळे पुसले, ओल्या हातानेच. "त्या दिवशी मी वापीला अडकलो. घरी पोचलोच नाय, थेट सरणावर आलो. काकाचं तोंड पण बघायला नाय भेटलं. फक्त तो जाळ."

"कुठला जाळ?"

"तुला कोण नाय बोलला? सरण चांगलं धरलं ना, तेव्हा काकाच्या छातीशी हिरवा जाळ उठला. हिरवा, मोराच्या पिसासारखा. सुकऱ्या भगत म्हणाला, गुरुजींचा जीव समाधानी गेला. म्हातारे हात जोडून उभे. मी पण जोडले. डीजेची लायटिंग लावणारा माणूस मी, पण तसला रंग नाय बघितला कधी."

निलम काही वेळ टेम्पोकडे पाहत राहिली. लडक्याला वाटलं तिचा विश्वास बसला नाही.

"देवाशपथ हिरवा होता," तो म्हणाला.

"मी कुठे नाही म्हणते?"

३

डहाणू रोड स्टेशनच्या बाहेर सुरजचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. सुरज तिला पाहून स्टुलावरून उठला.

"ताई, या. सरांचं कळलं मला. मी घरी येऊन गेलो, तुम्ही नव्हता तेव्हा. माझी पहिली झेरॉक्स मशीन सरांच्या शब्दावर मिळाली होती."

"बाबांच्या संगणकात तू काही बसवलं होतंस का? छोट्या खाचेत?"

"साउंड कार्ड! त्याची तर मोठी गंमत. मागे वीज पडली तेव्हा त्या बोर्डाचा स्वतःचा आवाज जळला. मागची ती हिरवी, गुलाबी भोकं आहेत ना, ती तेव्हापासून नुसती शोभेची. मी म्हटलं, सर, नवीन घ्या. सर म्हणाले, हा चालतो तोवर चालवू. म्हणून नवीन कार्ड टाकायचं ठरलं. आता त्या जुन्या बोर्डावर लांब पांढऱ्या खाचा तीन, आणि नवीन पद्धतीची छोटी एकच. नवं कार्ड फक्त त्या छोटीत जातं. बसलं, तर विंडोज जुनं, ते कार्डाला ओळख देईना. नवी सून, जुनी सासू. मग विंडोज बदललं, तेव्हा कुठे घरात शांतता." तो हसता हसता थांबला. "का, बंद पडलं?"

"कोणीतरी काढून नेलं."

"कार्ड? आणि हार्ड डिस्क?"

"ती आहे."

सुरजच्या कपाळावर आठी आली. "हा कुठला चोर? त्या कार्डाला कोण विचारतो! न्यायचं तर डिस्क नेईल. गाणी डिस्कमध्ये आहेत."

"गाणी आहेत? पुसलेली नाहीत?"

"फाइली दिसतात ना? रेघ पुढे जाते ना? मग आहेत. ताई, कार्ड म्हणजे नुसता गळा. गाणं पोटात असतं. गळा नाही म्हणून आवाज नाही, एवढंच." त्याने काउंटरवरचा लॅपटॉप वळवला. "पेनड्राइव्हवर आणली असतीत एखादी, तर आत्ता ऐकवली असती."

निलमच्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. निघताना तिने एक फाइल उतरवून घेतली होती. काउंटरवर एक मुलगी आधार कार्डाची रंगीत प्रत मागत होती, मागे रिक्षावाला "सरावली, सरावली" म्हणून ओरडत होता. बाबांचं खाकरणं तिला पहिल्यांदा इथे ऐकायचं नव्हतं.

"नाही आणला," ती म्हणाली. "तसलंच दुसरं कार्ड आहे?"

सुरजने खोका काढून दिला. "आणि हे बसवताना बघणारं कोणी होतं?" तिने विचारलं.

"घरीच बसवलं मी. काकू समोर बसलेल्या. सरांनी माइकची वायर कार्डात घातली, काकू काहीतरी बोलल्या, आणि लगेच परत ऐकवल्यावर आवाज असा स्वच्छ आला, की त्यांनी तोंडावर पदर घेतला. मला विचारलं, माझं गाणं यात बसलं का रे? मी घाईत होतो. म्हटलं, हो काकू, यातच बसलं."

निलमने खोका पर्समध्ये ठेवला. तिला आता घरी जायची भीती वाटू लागली.

४

डहाणूहून तलासरीकडे येताना जीपच्या खिडकीशी बसून तिने सगळं एकापुढे एक मांडलं, नको असलेला हिशेब माणूस मांडतो तसं.

संगणक जाणणाऱ्याने डिस्क नेली असती. ज्याने नुसतं कार्ड नेलं, त्याला गाणी कार्डात आहेत असं वाटत होतं. म्हणजे सुरज नाही. लडक्याही नाही, तो पेनड्राइव्ह घेऊन आला होता. फाइली कुठे असतात ते त्याला ठाऊक होतं, आणि तो आला तेव्हा आवाज आधीच गेलेला होता.

मग ती फट. चोर भोकं बुजवत बसत नाही. इथे स्क्रू काढून पुन्हा त्याच्या जागी घट्ट बसवला होता, टेस्टर शेल्फवर परत गेला होता, पत्र्यावरच्या चौकाची एक रेघही मोडली नव्हती. पीठ वाळल्यावर बोट लागलं तरी झडतं. त्या हाताने पत्रा फक्त कडांना धरून काढला होता.

आणि फटीतलं कापड. ते कोरं मांजरपाट होतं. घरात तसलं कापड कधी नव्हतं. बाबा गेले त्या सकाळी रविंद्रने ते तलासरीच्या बाजारातून आणलं, बाबांच्या अंगावर घालायला. उरलासुरला तुकडाही घरात राहू नये म्हणून सगळं कापड त्यांच्याबरोबरच नेलं होतं. म्हणजे फटीतली चिंधी बाबा घरात असतानाच फाडलेली. लडक्या तेव्हा वापीला होता. सुरज नंतर आला.

त्या सकाळी कोणीतरी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं होतं. "मना जरा त्याच्यापाशी बसू द्या." आणि आतून कडी लावली होती.

कार्डात तांबं असतं. तांबं आगीत हिरवं जळतं. शाळेत बाबांनीच शिकवलं होतं, चुलीत तार धरून.

जीप दापचरीचा चढ चढू लागली. निलमने तोंड खिडकीकडे वळवलं. शेजारची बाई म्हणाली, "गाडी लागते का बाय? लिंबू देऊ?"

५

२०१७ च्या त्या एप्रिलमध्ये मोह उशिरा गळत होता. बायजी अंगणात फुलं पसरून बसली होती आणि त्यातला काडीकचरा वेचत होती. तिचे हात उघडे होते. बांगड्यांशिवाय ते हात दुसऱ्याच कोणाचे वाटत.

निलम समोर बसली आणि तीही वेचू लागली.

"डहाणूला गेलीस?"

"हो."

"सुऱ्याकडं?"

"हो, आये."

बायजीचा हात चालू राहिला. "मग समजलं असेल तुला. तू लहानपणापासून तशीच. लपवलेला गूळ पहिला तुला सापडायचा."

"तू बाबांच्या छातीशी ठेवलंस ते."

"कापडाच्या आत," बायजी म्हणाली. "कोणाला दिसू नये म्हणून. हसले असते लोक." तिने एक फूल उचललं, पाहिलं, परत ठेवलं. "त्याला सगळी गाणी पाठ करायची होती. म्हातारा झाला, तरी नाय झाली. कायम मधलंच विसरायचा आणि मना विचारायचा. तिकडची वाट लांब. तिथं कोणाला विचारेल?"

निलमने हातातली काडी बाजूला टाकली.

"आणि मी तरी काय करू त्या गाण्यांचं? परवाच्या लग्नाला हिरूला बोलावलं लोकांनी, तिचा नवरा हाय. बरोबर केलं. कपाळ पुसलं तसा माझा गळा पण पुसला. मी म्हणायची नाय, आणि माझाच आवाज घरात लग्न लावत बसणार? ते नाय चालत. म्हणून ज्याची होती त्याला दिली." ती पहिल्यांदाच मुलीकडे सरळ पाहत होती. "लडक्या म्हणत होता, हिरवा जाळ उठला. खरं?"

"खरं."

"तीच ती. माझी गाणी." तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर एक हसू आलं, लाजल्यासारखं. मग ते गेलं. "तू शिकलेली हायस. मना खरं सांग. पोचली ना त्याला?"

पर्समधल्या खोक्याचा कोपरा निलमच्या मांडीला टोचत होता. खरं काय ते त्यात होतं, आणि आतल्या खोलीतल्या डब्यात होतं. गाणं पोटात असतं, आये. तू नुसता गळा दिलास त्याला. एवढंच बोलायचं होतं. कोड्याचं उत्तर बरोबर आलं होतं, आणि ते ज्याला सांगता येईल असा जगात एकही माणूस नव्हता.

"पोचली," ती म्हणाली. "सगळी पोचली."

बायजीने मान हलवली आणि पुन्हा मोह वेचू लागली.

तेवढ्यात कुडाच्या बाहेर रविंद्रचा आवाज चढला. लडक्या दिवसाच्या सामानाचं विचारायला आला होता. रविंद्र त्याची वाट अडवून उभा होता. रूपी आणि आणखी चार माणसं जमली होती.

"बाबांचा आवाज खाल्लास तू! आणि वर जेवायला येणार?"

"दादा, मी नाय रे..."

"चोर तो चोर!"

बायजी उठू लागली. तिच्या तोंडावरून निलमला कळलं, की ती आता सगळ्यांसमोर सांगणार. मग कोणीतरी हसेल. कोणीतरी म्हणेल, काकी, कार्डात काय नसतं गो. लडक्याच म्हणेल, बिचारा, मदत म्हणून.

निलमने आईचा खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि पुढे गेली.

"दादा, संगणकातलं आवाजाचं कार्ड मी काढलं."

रविंद्र तिच्याकडे वळला.

"त्या सकाळी. वाटलं माझ्या कोसबाडच्या संगणकात घालून ऐकेन. नीट निघालं नाही, मोडलं. फेकून दिलं. लडक्याचा काही संबंध नाही."

"आणि गाणी?"

"तीही गेली."

रविंद्र तिच्याकडे पाहत राहिला. त्याने आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट होतं. "लडक्या, तू ये दिवसाला," तो म्हणाला. मग तिला म्हणाला, "शिकलीस ना एवढी." आणि पाठ फिरवून गेला.

लडक्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्याने निलमकडे पाहिलं, मग अंगणातल्या काकीकडे, मग पुन्हा निलमकडे. दिवसभर निलमला पाणी, चहा, खुर्ची आणून देत राहिला.

निघताना निलमने आईला विचारलं, "संगणक मी नेऊ, कोसबाडला?"

"ने," बायजी म्हणाली. "रिकामा डबा हाय तो. चौक मोडू नको पण."

कोसबाडला तिच्या खोलीतून चिखल्याकडचा समुद्र दिसत नाही, पण दुपारचा वारा तिकडूनच येतो. पुढच्या रविवारी तिने दार लावून घेतलं. पत्रा कडांना धरून काढला. फटीतली चिंधी सोडवून, घडी घालून उशाखाली ठेवली. छोट्या खाचेवर नवं कार्ड धरलं आणि दाबलं. बारीकसा खटका झाला. लाल फुली गेली.

तिने हेडफोन लावला आणि पहिली फाइल उघडली.

आधी नुसती खोली ऐकू आली. पंखा. लांब कुठे कोंबडा. मग ते खाकरणं. मग बाबा म्हणाले, इतके जवळून, की तिने मान वळवली:

"बांगड्या वाजतात गो. हात मांडीवर ठेव." आणि बांगड्यांचा एक किणकिणाट, आणि आईचं हसू. "हां. आता म्हण. मी ऐकतो."

आईने श्वास घेतला.

निलमने तिथेच थांबवलं. पुढचं तिचं नव्हतं. ते ज्याचं होतं त्याला दिलेलं होतं.

दादाला कधीतरी इथे आणून बसवायचं, हे तिने ठरवलं होतं. आई आहे तोवर नाही. खाली आणखी पुष्कळ फाइली होत्या. तिने पत्रा परत सरकवला, चौकाला बोट न लावता, आणि दुसरी उघडली, पहिल्या श्वासापर्यंत.